कार्डावरचं कुंकू

विल्या, तुझा मला हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी चार पानं तुझं कौतुक करत बसेन आणि तू म्हणशील, "मोहन्या, लय गोड बोलायला लागलास, काय पायजे?" परवा तुझं तेरावं झालं. पलूसहून एसटीनं साताऱ्याला आलो, सवयीनं दुकान उघडलं, पण अजून एकाही गिऱ्हाइकाशी धड बोललेलो नाही. जो तो येऊन एकच विचारतो, दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार का. तू असतास तर चहा मागवून त्यांना अर्धा तास हसवलं असतंस. मी आपला "बघू" म्हणतो आणि ते जातात.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, मागे कोण कोण, हे सगळं पेपरात येऊन गेलं. खरं सांगू, ते वाचतानाही पोटात दुखलं. फोटो फार चांगला आला होता तुझा.

मिरजेच्या खोलीपासून हे दुखणं आहे. आपण दोघं डिप्लोमाला होतो, एका खोलीत, एका स्टोव्हवर. मी वाईचा, कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा. वह्यांना कव्हरं घालणारा. तू पलूसचा, घरी ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. प्रॅक्टिकलला बिघडलेला रेडिओ समोर आला की मी आकृती काढून सुरुवात करायचो आणि तू त्याला कान लावायचास. मी तिसरा भाग तपासत असताना तुझ्या रेडिओवर बातम्या लागलेल्या असायच्या. पहिला वर्ग मला मिळाला, तू कसाबसा पास झालास. तरी मास्तरांच्या घरचा टीव्ही बंद पडला की बोलावणं तुलाच यायचं. एकदा मी तुला म्हणालो, "तू कधी पुस्तक उघडतोस का रे?" तू म्हणालास, "तू उघडतोस की. मग मी कशाला?" तू थट्टा केलीस. मी मात्र ते मनात धरून बसलो.

पुढे मी पोवई नाक्याजवळ दुकान टाकलं, तू सांगलीत गणपती पेठेत. धंदा एकच. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि मराठी टायपिंग, म्हणजे मुख्यतः लग्नपत्रिका. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला तू पहिल्या एसटीनं गुळाची ढेप खांद्यावर घेऊन आलास. आलास तो थेट माझ्या वडिलांशेजारी, दादांपाशी बसलास आणि दोन तास त्यांच्याशी बोलत राहिलास. कोर्टातल्या तारखांवर काय बोललात कोण जाणे, पण दादा डोळ्यात पाणी येईपर्यंत हसत होते. माझ्यापाशी ते असे कधी हसले नाहीत. माझं दुकान काय करतं हेही त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. त्या दिवशी सत्यनारायणाचा प्रसाद घशाखाली उतरला नाही माझ्या. गूळ मात्र वर्षभर पुरला, आणि उत्तम होता.

आता मुद्द्यावर येतो. आपला एक वाद अर्धा राहिलाय. तो तू हरलास असं सगळी सांगली समजते, तूही तसंच समजून गेलास. तो वाद तू हरला नव्हतास.

तुझा तो लॅपटॉप आठव. इस्लामपूरच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या मेहुण्यानं वापरून टाकून दिलेला. त्यात मेमरी एवढीशी, की पत्रिकेत मराठी अक्षरांचं एक वळण बदलून दुसरं लावायचं म्हटलं तरी आतली हार्ड डिस्क पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची आणि आपण हात चोळत बसायचं. पुढे त्याच मेहुण्याचा डिजिटल कॅमेरा पाण्यात पडून बिघडला. त्यातलं फ्लॅश मेमरीचं कार्ड डॉक्टरांनी तुला असंच देऊन टाकलं. काडेपेटीएवढं, पण चपटं. एका कडेला मुंगी शिरेल एवढ्या भोकांच्या दोन रांगा, त्यात पिना बसायच्या. कॅमेऱ्यातले फोटो ठेवायचं कार्ड ते. माझ्या हातात आलं असतं तर मी ते फोटोंसाठीच जपून ठेवलं असतं. तू ते लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत बसवलंस. सगळे मराठी फॉन्ट त्यावर टाकलेस, पत्रिकेतले गणपती, कलश, सनई-चौघडे टाकलेस. शिवाय मेमरी पुरली नाही की विंडोज जो पसारा तात्पुरता डिस्कवर नेऊन मांडतं, तोही तू कार्डावर मांडायला लावलास. कार्डात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे मागितलं की हजर.

तू एसटीडीवरून मला फोन केलास. "मोहन्या, ऐक," म्हणालास आणि रिसीव्हर लॅपटॉपला लावलास.

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच की रं! घरघर बंद! फॉन्ट बदलला आत्ता, तुला कळलं सुदीक न्हाई!"

तुझा आनंद मला तारेतून ऐकू येत होता आणि मी मनात त्यातली खोट शोधत होतो. ती सापडली. माझ्या पुस्तकातच होती. या कार्डांवर वाचायला कितीही वेळा वाचा, पण लिहायला मर्यादा असते. एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिलं की ती जागा झिजते. मी म्हणालो, "फॉन्ट ठेव, हरकत नाही. पण तो तात्पुरता पसारा ठेवू नकोस. दिवसभर लिहिणं-पुसणं चालतं त्यावर. मरेल कार्ड."

"पेन्सिल झिजती म्हणून कोन लिवायचं थांबतंय व्हय?"

"पेन्सिल झिजली तर दुसरी मिळते. हे कार्ड सांगली जिल्ह्यात दुसरं आहे का?"

"झिजंल तवा झिजंल. तवर पळू दे."

महिनाभर आपण हाच वाद घातला. मी बरोबरच होतो, विल्या, तेवढं मला देऊन टाक. कार्ड झिजतं हे खरंच आहे. पण तू म्हणायचास की ते इतक्या लवकर झिजत नाही, एवढ्याशा कामानं तर मुळीच नाही. आणि हे तू पुस्तक न उघडता म्हणायचास.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा तुमच्या पलूसच्या घरीच व्हायची, दुकानातलं सामानसुद्धा तिकडं न्यायचं, हा तुझ्या वडिलांचा, तात्यांचा हुकूम. तू मलाही बोलावलंस. सोप्यात घोंगडी अंथरून तात्यांनी सगळं ओळीनं मांडलं होतं. खुरपी, विळे, कोयता, पाण्याच्या मोटरचे पाने, फौजेतून आणलेली कुकरी, आणि मधोमध तुझा लॅपटॉप, त्याच्या दोन्ही बाजूंना तुझे स्क्रू-ड्रायव्हर. माझ्या घरी माझं दुकान कुणी विचारत नाही, आणि इथं एक सुभेदार स्वतःच्या कुकरीशेजारी पोराचे स्क्रू-ड्रायव्हर फडक्यानं पुसून ठेवत होता. मला तिथं बसवेना.

तात्या तुला म्हणाले, "ह्येच्यात पळवणारं कंचं रं?"

तू कार्ड काढून दाखवलंस.

"मग त्येला भाईर ठेव. त्येला आदी कुक्कू लागलं पायजे."

तू कार्ड विळ्याच्या मुठीला टेकवून उभं केलंस. भोकांची कड वर आली. तात्या मला म्हणाले, "मोहन, तू पावना. आज पूजा तुज्या हातनं."

मी पाण्यात बोट बुडवून हळद लावली. मग कुंकू घेतलं. बोट ओलं होतं, चिमूट भरून आली, आणि कार्डाच्या कडेवर टेकताना ती सुटून भोकांवर पडली. ओल्या हळदीत भिजली आणि आत उतरली. मला नीट दिसलं. आणखी कुणाला दिसलं नाही. हे चुकून झालं, विल्या, कुणाचीही शपथ घेऊन सांगतो. फुंकर मारावी, फडक्याचं टोक फिरवावं, म्हणून मी वाकलोही होतो. तेवढ्यात तू तात्यांना म्हणालास, "तात्या, ह्या मोहन्याला आपलं कार्ड पटत न्हाई बरं का. पुस्तकात लिवलंय म्हनतो, मरंल म्हनून." सगळे हसले. वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. मी वाकलेला सरळ झालो आणि पुढच्या कोयत्याला हळद लावली.

माझा गुन्हा म्हण, पाप म्हण, एवढाच. फुंकर मारली नाही.

तुमच्या घरचा नियम मला नंतर कळला. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, ते आपसूक जाईल तेव्हा जाऊ द्यायचं. दसरा झाल्यावर तू कार्ड तसंच, कुंकवासकट, खाचेत सारलंस, आणि सणाच्या गडबडीत पुढचे चार दिवस लॅपटॉप उघडलाच नाहीस. माझ्या दुकानात असं झालं नसतं. आमच्याकडे दसऱ्याला मॉनिटरवर एक झेंडूचं फूल ठेवतात आणि लगेच गिऱ्हाईक घेतात.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सांगलीतल्या त्या प्रेसच्या मालकांकडे तू मला घेऊन गेलास. त्यांच्या दिवाळी अंकाची सगळी पानं कुणी जुळवायची हे ठरायचं होतं. म्हातारा एका मथळ्यासाठी वीस वेळा टाइप बदलायला लावणारा. "त्यांच्या पुढ्यात बसून, ते म्हनतील तसा फॉन्ट तिथल्या तिथं बदलून दावतो," असं तू म्हणत होतास. मला कशाला नेलंस, तर म्हणे, "तू आसलास की धीर येतोय." धीर! मी तुझ्या शेजारी बसलो होतो आणि माझं लक्ष त्या खाचेकडे होतं.

लॅपटॉप सुरू झाला. कार्ड त्याला सापडलंच नाही. तू अंकाचं मुखपृष्ठ उघडलंस आणि फॉन्ट जागेवर नसल्यामुळे "शुभ दीपावली"च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची नुसती खिचडी आली. मालकांनी चष्मा वर केला. "ही कुठली लिपी म्हणायची?" त्यांची दोन माणसं तोंडावर हात ठेवून हसली. तू बंद केलास, पुन्हा सुरू केलास. तीनदा. तुझे कान लाल झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. कार्ड बाहेर काढलंस, त्यावरचं कुंकू बघितलंस, आणि सवयीनं ते कपाळाला लावून खिशात ठेवलंस.

मग तू मालकांना म्हणालास, "चूक माझी हाय. ह्या मोहननं मला महिनाभर सांगितलं हुतं, कार्ड झिजतंय म्हनून. मी ऐकलं न्हाई. काम ह्येला द्या. ह्यो वाचून-सवरून करनारा मानूस हाय."

आणि मी म्हणालो, "मी सांगत होतोच."

विल्या, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासमोर जिंकलो होतो. किती गोड लागलं ते तुला सांगता येणार नाही. साताऱ्याला परत येताना कराडपर्यंत ती गोडी पुरली. पुढे कशी कुणास ठाऊक, तोंड कडू झालं.

त्या वर्षीचा दिवाळी अंक मी केला, त्याच्या पुढच्या वर्षीचाही. तू कार्ड पुन्हा लावलं नाहीस. परत त्या घरघरीत पत्रिका करत बसलास, आणि पलूस, तासगाव, विट्यापासून माणसं माझ्याकडे पाठवत राहिलास. "सांगलीच्या विलासरावांनी धाडलंय. म्हनले, आमच्यापरीस त्यास्नी जास्त कळतंय." दर वेळी मी ते ऐकून घ्यायचो, खुर्ची पुढे करायचो.

सुरुवातीला मी नुसता मूग गिळून होतो. खोटं बोललो ते पहिल्या अंकानंतरच्या उन्हाळ्यात, कराडच्या स्टँडवर. तू सांगलीहून आलेलास, मी साताऱ्याहून, कुणाच्या तरी लग्नाला निघालो होतो. चहा घेता घेता तू एकदम म्हणालास, "मोहन्या, खरंच झिजलं आसंल का रं ते? दीड म्हयन्यात? मला अजून पटत न्हाई." तू माझ्याकडे बघत होतास. रेडिओला कान लावायचास ना, तसा. एवढंच म्हणायचं होतं, "भोकं तपास." दोन शब्द. मी म्हणालो, "झिजतंच. पुस्तकात आहे." तू मान हलवलीस आणि बशीतला चहा संपवलास. स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणारा माणूस तू. त्या दिवशी कान बाजूला ठेवून तू माझा शब्द घेतलास. तो तू का घेतलास, हे मला अजून सहन होत नाही. माझी गोष्ट असती तर मी तुझा शब्द घेतला नसता.

म्हणायचो, सांगू कधीतरी. दोघं म्हातारे झालो की हसत सांगू. तू काही थांबला नाहीस. जाण्यातसुद्धा घाई केलीस.

परवा तेराव्याचं जेवण झाल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. हातात तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्ही ठेवा. ते नेहमी म्हणायचे, मोहनचं ऐकलं असतं तर तोंडघशी पडलो नसतो. तुमची आठवण म्हणून जपलं होतं त्यांनी." डब्यात ते कार्ड होतं. कुंकू काळपट झालं होतं, पण तुमच्या नियमाप्रमाणे कुणी पुसलं नव्हतं.

मी ते नुसतं घेऊन खिशात टाकलं असतं, तर आज मला कुणी काही म्हटलं नसतं.

मी म्हणालो, "वहिनी, सुई आहे का?"

त्यांनी शिलाईच्या डब्यातली बारीक सुई दिली. खिडकीपाशी बसून मी एकेक भोक टोकरत गेलो. लाल भुकटीचे खडे रुमालावर पडत होते. वहिनी बघत उभ्या राहिल्या. तात्या काठी टेकत आत आले आणि कॉटवर बसले. तुझा लॅपटॉप तिथंच होता. कार्ड सारलं, सुरू केला. कार्ड सापडलं त्याला. सगळे फॉन्ट जागच्या जागी. मुखपृष्ठ उघडलं आणि "शुभ दीपावली" लख्ख मराठीत समोर आली. मी टाइप बदलला. तोही क्षणात बदलला. पुन्हा बदलला. मला थांबवेना. मी वेड्यासारखा टाइप बदलत बसलो होतो.

"चाललं व्हय?" तात्या म्हणाले.

"चाललं, तात्या. ते कधी बिघडलंच नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. चिमूट, फुंकर, प्रेसमधले ते शब्द, कराडचा चहा. वहिनी पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या. तात्या म्हणाले, "कुक्कू मीच लावाय सांगितलं हुतं की." मी म्हणालो, "तुम्ही लावायला सांगितलंत. पडलेलं दिसलं ते मला. गप्प मी राहिलो."

वहिनींनी विचारलं, "का पण, भाऊजी?"

"मला त्याचा हेवा वाटायचा, वहिनी."

तात्यांनी काठी घट्ट धरली. ते मला मारतील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. शेवटी काठीवर जोर देऊन उठले. म्हणाले, "हितं सांगून काय उपेग? मांडवात मानसं बसल्यात. प्रेसवालं बी आल्यात. त्यास्नी सांग जा."

बाहेर मांडवात शंभरेक माणसं पान-सुपारीला बसली होती. त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं, तूच पाठवलेली. माझी सगळी पत त्या मांडवात बसली होती. मी ओट्यावर उभा राहिलो. हात मागे बांधले. फार काही बोललो नाही. म्हणालो, कार्ड झिजलं नव्हतं, त्याच्या भोकांत कुंकू गेलं होतं, ते मला माहीत होतं आणि मी लपवलं. विलासची काही चूक नव्हती. प्रेसच्या मालकांनी चष्मा काढून हातात धरला. कुणी खाकरलं, कुणी खाली बघितलं. मागून एक जण उठून निघून गेला.

तात्या माझ्यामागेच उंबऱ्यात उभे होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. टोपी सारखी केली, पुढं झाले आणि पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकलंसा? आमचा विलास बरुबर हुता." मग त्याच्या शेजारच्याला. मग त्याच्या शेजारच्याला. अशी ती अख्खी ओळ त्यांनी पुरी केली, प्रत्येकाला वाकून, तेच सांगत.

विल्या, तेव्हासुद्धा मला तुझा हेवाच वाटला.